नदीत उतरून गळ टाकताना: आधी परतीची वाट बघा

आजवर तुम्ही काठावरूनच गळ टाकलात. आता मासे मधल्या धारेत उसळताना दिसतात, म्हणून पाण्यात उतरायचे मनात आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत: पोहता येत असेल तर किती खोल गेलेले चालते, काय काय सोबत घ्यावे, आणि वेडर्समध्ये (पाण्यात उतरताना घालायच्या, पाणी न शिरणाऱ्या उंच विजारीत) पाणी शिरले की माणूस बुडतोच हे खरे का.

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण या भीतीपायी लोक भलत्याच गोष्टीला जपत बसतात. वेडर्समध्ये शिरलेले पाणी आणि बाहेरचे पाणी, दोन्हींची घनता एकच. तुम्ही पाण्यात आहात तोवर आतले पाणी तुम्हाला खाली ओढत नाही. ली वुल्फ या प्रसिद्ध अमेरिकन मच्छीमाराने हेच दाखवायला वेडर्स घालून पुलावरून नदीत उडी मारली होती आणि तो सुखरूप बाहेर आला. पायांत हवा अडकून माणूस उलटा होतो, ही समजूतही तशीच. पाय थोडे वर तरंगतात, एवढेच. त्रास होतो तो निराळ्या कारणांनी. भरून फुगलेल्या वेडर्सना प्रवाह जास्त पकडतो आणि पोहणे फार मंदावते. काठाला लागून उभे राहायला गेलात की आतल्या पाण्याचे वजन एकदम अंगावर येते. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो. तिथे उभे राहायची घाई करू नका. रांगत वर या, पाठीवर पडा, पाय वर करा आणि पाणी बाहेर जाऊ द्या. छातीपर्यंतच्या वेडर्सवर बाहेरून कंबरपट्टा घट्ट आवळलेला असेल तर मुळात आत थोडेच पाणी शिरते. पट्टा काठावरच लावायचा. ‘पुढे खोल लागले की लावू’ म्हणणाऱ्यांचा तो लावायचा राहूनच जातो.

आता खोलीचा प्रश्न. ‘मांडीपर्यंत चालते, कंबरेच्या वर नको’ असे ठोक उत्तर पुष्कळ जण देतात. मला ते अपुरे वाटते. संथ डोहाच्या कडेला छातीभर पाण्यात माणूस आरामात उभा राहतो आणि जोरकस खळाळात गुडघाभर पाणी त्याला लोळवते. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. मांडीभर पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहत असेल तर दोन्ही पायांवर मिळून ढोबळमानाने 10 किलोचा रेटा येतो. तोच वेग 2 मीटर झाला की 40 किलोचा. दुसरीकडे, जसजसे खोल जाल तसतसे पाणी तुम्हाला उचलून धरते. कंबरभर पाण्यात पायांवर येणारे वजन जवळजवळ निम्मे होते, छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी आले की सुमारे तिसरा हिस्सा उरतो. पकड असते ती या वजनामुळे. म्हणजे पाण्याला ढकलायला तुमचे सगळ्यात जास्त अंग मिळते नेमके तेव्हाच तळाशी धरून ठेवणारे वजन सगळ्यात कमी झालेले असते. पोहता येणे चांगलेच, पण ते या हिशेबात कुठेच बसत नाही.

नद्यांचा प्रवाह मोजणारे लोक पाण्यात उतरण्याआधी एक साधा गुणाकार करतात: फुटांत खोली गुणिले सेकंदाला फुटांत वेग. उत्तर 10 च्या वर गेले तर उतरायचे नाही. ते लोक सरावलेले असतात, त्यांचे सगळे लक्ष पायांवर असते. गळ टाकणाऱ्याचे अर्धे लक्ष दोरीवर असते, म्हणून मी शिकवताना हा आकडा 6 वर आणतो. वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठाने 20 फूट अंतर मोजा, वरच्या टोकाला एखादी काटकी धारेत टाका आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजा. 5 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 4 फूट. तिथे अडीच फूट पाणी असेल तर गुणाकार 10 झाला, म्हणजे ती जाणकारांचीही मर्यादा. तिथे तुम्ही आणि मी दीड फुटावर थांबायचे. काटकी तुम्ही उभे राहणार आहात त्या धारेत पडली पाहिजे, काठालगतच्या मंद पाण्यात नव्हे.

खोली मात्र डोळ्यांनी मोजू नका. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ वरून पाहिले तरी 4 फूट पाणी 3 फुटांसारखे दिसते. तिरके पाहिले तर आणखी उथळ. पोलराइज्ड चष्म्याने वरची चकाकी जाते आणि तळ स्पष्ट दिसतो, पण खोलीचा हा भास त्याने जात नाही. खोली काठीनेच मोजायची.

माझे मुख्य सांगणे आता येते. नदीत उतरलेली माणसे ज्या प्रसंगांत अडकतात ते पाहिले, तर जाताना धडधाकट गेलेला माणूस येताना अडकलेला असतो. यामागे कारण आहे. माणूस नकळत प्रवाहाच्या दिशेने तिरका चालतो, कारण पाणी मागून ढकलते आणि चालणे सोपे वाटते. परत फिरल्यावर तोच रेटा समोरून येतो. गोट्यांच्या लांबट उंचवट्यावर हे सगळ्यात फसवे असते. तुम्ही नदीच्या मधोमध पसरलेल्या अशा पट्टीवरून चालत खाली जाता, दोन्ही बाजूंना खोल पाणी, पट्टीवर जेमतेम गुडघाभर. टोकाजवळ पाणी मांडीला लागते. मग टाचेखालचे बारीक गोटे सरकू लागतात. आधी किंचित, बुटाच्या तळव्याला करकर जाणवावी एवढेच. मांडीच्या वरच्या अंगाला पाण्याचा फुगवटा चढतो, पाऊल उचलले की तेवढ्यात दुसऱ्या पायाखालची खडी वाहून जाते आणि तुम्ही न चालताही इंच इंच खोल पाण्याकडे घसरता. वर चढायला जोर लावला की घसरण वाढते. ही करकर जाणवली त्याच क्षणी थांबायचे. उभ्यानेच प्रवाहाला कूस द्यायची, काठी वरच्या बाजूला रोवायची आणि एका बाजूने, अर्ध्या पावलाने, पट्टीच्या कण्यावरून परत वर सरकायचे. तोंड फिरवायच्या भानगडीत पडायचे नाही.

म्हणून उतरण्याआधी काठावर उभे राहून स्वतःला विचारा: मी कुठून बाहेर येणार? आणि पडलो तर पाणी मला कुठे नेणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला खालच्या बाजूला शंभर-दीडशे पावले चालून बघा. खाली संथ डोह आणि उथळ काठ असेल तर पडणे म्हणजे भिजणे. खाली खडकांची रांग, आडवे पडलेले झाड किंवा बंधारा असेल तर त्या जागी गुडघाभर पाणीसुद्धा मला जास्त वाटते. जाताना शक्य तितके प्रवाहाच्या वरच्या दिशेने तिरके जा, म्हणजे दमल्यावर परतताना पाणी तुमच्या बाजूने असेल. आणि मन साशंक झाले तर तो शेवटचा टप्पा समजा. अजून दोन पावलांवर मासा आहे, हा हिशेब पाण्यात उभे राहून करूच नका. खरे तर मासे बऱ्याचदा काठालगतच्या मंद पाण्यातच असतात आणि आपण त्यांच्या अंगावरून चालत मधल्या धारेकडे जातो. आधी गळ जवळच्या पाण्यात टाका, मग उतरायचे की नाही ते ठरवा.

चालायचे कसे? प्रवाहाला आडवी कूस द्या, छाती किंवा पाठ नको. आडवे उभे राहिले की एक पाय दुसऱ्याच्या आडोशाला येतो आणि रेट्याला अंग कमी मिळते. गुडघे किंचित वाकलेले, पावले खांद्याएवढ्या अंतरावर. पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. पुढचे पाऊल पक्के टेकले, वजन पेलते आहे असे वाटले, की मगच मागचे हलवा. पाय एकमेकांना ओलांडू देऊ नका. मोठ्या गोट्याच्या माथ्यावर पाय ठेवायचा मोह टाळा, शेवाळ तिथेच जास्त असते. दोन गोट्यांच्या मधल्या खडीवर टेकवा. वळायचे झाले तर तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेने येईल असे लहान लहान पावलांनी वळा. खालच्या दिशेने वळलात तर पाणी गुडघ्यांच्या मागच्या खळग्यात बसते आणि गुडघे दुमडतात.

काठीशिवाय मी कुणाला वाहत्या पाण्यात उतरू देत नाही. ती काखेइतकी उंच, अंगाचा भार टाकला तरी न वाकणारी हवी. ती वरच्या बाजूला रोवून तिच्यावर थोडे झुकले की तुमचे तीन पाय होतात, आणि एका वेळी त्यांतला एकच हलवायचा. काठी पट्ट्याला आखूड दोरीने अडकवा, पण ओढली की सुटेल अशा बकलाने. गाठ नको.

चालताना गळ टाकायचा नाही आणि गळ टाकताना चालायचे नाही. हा नियम मोडतो तो मासा लागल्यावर. रॉड वाकतो, रीळ करकरते, मासा खाली पळतो, डोळे दोरीवर खिळतात आणि पाय आपोआप त्याच्यामागे निघतात. ज्या वाटेने तुम्ही आधी काठी टेकवत गेला नाहीत त्या वाटेने माशामागे जायचे नाही. पाय रोवा, रॉड बाजूला झुकवा, आणि हळूहळू, पाय चाचपत, काठाकडे सरका. मासा काठावरून हाताळणे केव्हाही बरे. दोरी तुटली तर तुटू दे.

वस्तूंबद्दल थोडक्यात. तळव्याला नमदा (दाबून केलेले जाड, लोकरीसारखे कापड) लावलेले बूट शेवाळलेल्या कातळावर उत्तम धरतात, पण चिखलात आणि ओल्या गवताच्या उतारावर घसरतात. शिवाय नमदा लवकर वाळत नाही आणि एका नदीतले सूक्ष्म जीव दुसरीत नेतो. न्यूझीलंडने डिडिमो नावाच्या शेवाळाचा फैलाव रोखायला 2008 मध्ये नमद्याच्या तळव्यांवर बंदीच घातली. माझी पसंती रबरी तळव्याला, त्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवून. उबदार पाण्यात वेडर्सशिवाय उतरायला हरकत नाही, पण लवकर वाळणारी पँट आणि घोटा झाकणारे बूट हवेत. अनवाणी किंवा चपलांवर नको. जीन्स भिजली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. लाइफ जॅकेट घ्याच. फोमचे असेल तर त्याची फार निगा लागत नाही. फुगणारे हलके असते आणि हात मोकळे ठेवते, पण त्यातला गॅसचा सिलिंडर मोसमाच्या सुरुवातीला तपासला नसेल तर ते निव्वळ कापड आहे. शिट्टी छातीवर, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि तोही छातीवरच्या खिशात. पाठीवर पिशवी असेल तर तिचा कंबरेचा पट्टा पाण्यात मोकळा ठेवा, म्हणजे ती झटकून टाकता येते.

पाणी चढते आहे हे कळायला एक सोपी खूण आहे. उतरण्याआधी पाण्याच्या कडेला अर्धा भिजलेला, अर्धा कोरडा असा दगड हेरा आणि दर काही मिनिटांनी त्याच्याकडे बघा. कोरडा भाग कमी झाला की बाहेर. दगड बघायचे विसरलात तरी नदी इतर खुणा देते: स्वच्छ पाण्यात गढूळपणाची रेघ, अचानक वाहून येणारी पाने, काटक्या, फेस, आणि खळाळाचा बदललेला आवाज. पाऊस कुठे वरच्या भागात पडलेला असतो आणि तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असते. धरणाच्या खाली असाल तर ढग नसतानाही पाणी सोडले जाते. सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या आणि भोंगा वाजला तर सामान गोळा करत बसू नका. मधल्या बेटावर किंवा गोट्यांच्या पट्टीवर असाल तर पहिली शंका येताच काठ गाठा. पाणी अर्धा फूट चढले तरी परतीच्या वाटेवरचा गुणाकार बदललेला असतो.

दोन जागा माझ्या मते कायमच्या वर्ज्य. बंधाऱ्याच्या वर आणि लगेच खाली. वरून पाणी पडते तिथे खालचा प्रवाह पृष्ठभागावर उलटा, बंधाऱ्याकडे फिरतो आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा त्याच धारेखाली नेतो. लाइफ जॅकेट घातलेलेही त्यातून सुटत नाहीत. दुसरी जागा म्हणजे आडव्या पडलेल्या झाडाच्या किंवा फांद्यांच्या ढिगाच्या वरची बाजू. पाणी फांद्यांतून निघून जाते, माणूस दाबला जाऊन तिथेच राहतो.

आता पडलात तर. रॉड सोडा, पहिल्या क्षणी सोडा. तोंड मिटा. पाणी थंड असेल तर अंग आपोआप मोठा श्वास ओढते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असले तर तेवढेच पुरे होते. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी अतिथंड पाण्यासाठी 1-10-1 हा हिशेब मांडला आहे: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे 10 मिनिटे, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण 1 तास. पहिल्या मिनिटात पोहायची धडपड करू नका, फक्त तरंगा आणि श्वास सांभाळा. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या खालच्या दिशेला, पावले पाण्याच्या वर दिसतील अशी, कंबर उचललेली. खडक आला तर तो पायांनी लागू दे, डोक्याने नको. श्वास ताब्यात आला की हातांनी मागे वल्हवत तिरके काठाकडे सरका. प्रवाहाच्या विरुद्ध पोहू नका.

आणि उभे राहू नका. हे वेगळे सांगतो, कारण प्रत्येकाला तेच करावेसे वाटते. वाहत्या पाण्यात पाय खाली टाकला आणि तो दोन दगडांच्या फटीत अडकला, तर प्रवाह धड पुढे लोटतो आणि माणूस कंबरभर पाण्यातही बुडतो. बसले तरी तळ लागेल इतके पाणी उथळ झाल्याशिवाय पाय टेकवायचे नाहीत. चालतानाच पाय अडकला तर पुढे ओढू नका. काठीवर भार देऊन पाऊल ज्या बाजूने आत गेले त्याच बाजूने मागे काढा. समोर आडवे झाड आले आणि चुकवता येत नसेल, तर सगळे उलटे करायचे: पोटावर वळा, डोके पुढे, जोरात पोहत जा आणि झाडावर छाती टाकून वर चढा. पाय आधी गेले तर ते फांद्यांखाली जातात.

सोबत्यासाठीही हे लिहितो, कारण एकट्याने उतरूच नये असे माझे मत आहे. पडलेल्यामागे पाण्यात उडी घ्यायची नाही. काठाने खाली पळा, काठी पुढे करा, नाहीतर पिशवीत भरलेली तरंगती दोरी त्याच्या छातीवरून जाईल अशी फेका. दोरी सोबत्याजवळ काठावर असली पाहिजे. पाण्यात उतरणाऱ्याच्या कंबरेला दोरी बांधून ती काठावर धरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते; ती घातक आहे. तो पडला की दोरी ताणली जाते, तो एका जागी अडतो आणि वाहते पाणी त्याला पृष्ठभागाखाली दाबून धरते. बांधलेल्या दोरीपेक्षा वाहत जाऊन खालच्या डोहात बाहेर येणे कितीतरी बरे.

विजांचा आवाज आला की लगेच बाहेर पडा. कार्बन फायबरचा रॉड वीजवाहक असतो. तो आडवा करून खाली ठेवा. काठावर चालतानाही डोक्यावरच्या विजेच्या तारांकडे लक्ष असू द्या. अंधार पडल्यावर दिवसा न पाहिलेल्या पाण्यात उतरू नका. दारू घेऊन तर नाहीच.

पहिल्याच दिवशी माशांसाठी उतरू नका. उन्हाचा दिवस, संथ डोह, सोबत जाणकार माणूस, अंगात लाइफ जॅकेट, हातात रॉड नाही, असे ठरवून वेडर्ससकट मुद्दाम पाण्यात आडवे व्हा. तरंगून बघा, पट्टा किती पाणी अडवतो ते बघा, रांगत बाहेर येऊन बघा.

आणि कधी खरोखर वाहून जाऊन बाहेर आलात, तर ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्याआड बसा. त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊ नका. नाकातोंडात पाणी गेले असेल तर पुढचे काही तास एकटे राहू नका; खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा विचित्र गुंगी येत असेल तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा. फुप्फुसांना झालेला त्रास कधीकधी काही तासांनी दिसू लागतो.